मुरुडच्या वाडीत दोन दिवस

दापोली मागे टाकून आसूदचा उतार लागला की हवा बदलते. पोफळींच्या गर्द सावलीतून पाटाच्या पाण्याचा ओलसर वास येऊ लागतो. कृषी पदवीची चार वर्षे मी दापोलीच्या विद्यापीठात काढली. त्यामुळे हा रस्ता पायाखालचा. पुढे सारी नोकरी घाटावर झाली. यंदा पौषात सौभाग्यवतींसह दोन दिवस मुरुडला राहण्याचा योग आला. (हे दापोलीचे मुरुड, महर्षी कर्व्यांचे. जंजिऱ्याचे नव्हे.)

गाव टुमदार. मधून सरळ रस्ता, दोन्ही अंगांना वाड्या, आणि एका बाजूच्या वाड्यांपलीकडे थेट समुद्र. आम्ही उतरलो त्या घरच्या काकू सत्तरीच्या. खोली बघण्याआधी मी वाडी बघून आलो. आम्हां विस्तारवाल्यांची ही खोडच! ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात निम्मीअधिक वाडी आडवी झालेली. जुने माड थोडे उरले आहेत, त्यांच्यामध्ये पोफळीची नवी लागवड. पोफळ लावल्यावर पहिला घड दिसायलाच पाच-सहा वर्षे लागतात, आणि भरघोस उत्पन्न त्याहून लांब. तोवर हे घर चालते ते पडवीलगत बांधलेल्या दोन खोल्यांवर.

जेवायला घावन, खोबऱ्याची चटणी आणि सोलकढी. पैशाचा विषय निघाला तेव्हा मात्र काकू चाचरल्या. “रोख दिलेत तर बरं हो. मोबाइलचं आम्ही बंद केलंय.” आदल्याच आठवड्यात पुण्याचे एक कुटुंब रोकड नाही म्हणून दारातून परत गेले होते. कारण विचारले, तेव्हा सूनबाईंनी हळूहळू सांगितले.

दिवाळीच्या आधी फोन आला. “लष्करातून बोलतोय. कुटुंबासह चार दिवस यायचंय, दोन्ही खोल्या हव्यात.” माणूस अदबीने बोलणारा. मोबाइलवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही आले. भाव केला नाही. आगाऊ रक्कम ‘खात्यातर्फे’ येईल म्हणाला. खात्री म्हणून आधी एक रुपया पाठवला, तो खरोखर जमा झाला. मग ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, पाठवून म्हणाला, “हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील.” सूनबाईंनी तसे केले, आणि खात्यातून बारा हजार गेले. “चुकून उलटे झाले, परत करतो, पुन्हा स्कॅन करा” म्हणाला, तेव्हा आणखी बारा हजार गेले. वाडीच्या ठिबकसाठी ठेवलेले पैसे होते.

मला खरे वाईट वाटले ते पुढचे ऐकून. दोन दिवस तिने कोणाला सांगितलेच नाही. लाज वाटली, सासूची भीती वाटली. तक्रार झाली तोवर पैसे त्या खात्यातून पुढे निघून गेले होते. १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन केला, तर चोराच्या खात्यातच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. लाजेने ती वेळ खाल्ली.

संध्याकाळी ओटीवर बसलो. म्हटले, “काकू, बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग बघतो, पावती घेतो, नुसत्या चित्राला भुलत नाही. इथंही तसंच.” पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही. क्यूआर कोड गिऱ्हाइकाने आपला स्कॅन करायचा, आपण त्याचा नाही. रक्कम जमा झाल्याचा संदेश कोणीही बनवून पाठवू शकतो. म्हणून “चुकून जास्त आले, उरलेले परत करा” म्हणणारा भेटला, तर आधी स्वतः बँकेचे खाते उघडून बघायचे.

सूनबाईंनी मग मोबाइल पुढे केला. “हेही येतं.” खोल्यांची जाहिरात ज्या कंपनीच्या यादीत आहे, तिच्या नावाने इंग्रजीत मजकूर होता: चोवीस तासांत खाते पडताळा, नाहीतर खोल्या यादीतून काढू. खाली दुवा. असल्या दुव्यावर बोट ठेवले की हुबेहूब तसेच खोटे पान उघडते. तिथे पासवर्ड दिला की चोर आपल्याच नावाने आपल्या पाहुण्यांकडे पैसे मागतो! पैसे त्यांचे जातात आणि नाव आपले. तिला म्हटले, दुव्याला हात लावू नको. कंपनीचे ॲप नेहमीसारखे स्वतः उघड, खरी सूचना असेल तर तिथे दिसेल. तिथे काही नव्हते. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालासुद्धा, हेही बोलणे झाले.

काकू इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होत्या. त्यांनी नातवाला हाक मारली आणि कालनिर्णयच्या शेजारी भिंतीवर खडूने १९३० लिहून घेतले. मोठ्ठे.

दुसऱ्या दिवशी आम्ही हर्णै बंदरावर माशांचा लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग बघून परतलो, तो फोन वाजला. साताऱ्याची मंडळी येऊ म्हणत होती. सूनबाईंनी आपला क्यूआर कोड पाठवला. पैसे पाठवल्याचा निरोप आला, पण तिने “थांबा हं” म्हणून खाते उघडून पाहिले. काकू दारातच उभ्या होत्या.

“आले का गं?”

“आले.”

“मग तांदूळ धुवायला घेते,” म्हणत काकू आत गेल्या. साताऱ्याच्या मंडळींनी उकडीचे मोदक सांगितले होते.