धावणाऱ्याचं यकृत

लांब पल्ल्याचं धावणारे आम्ही लोक पोटऱ्या, गुडघे आणि दमसास यांवर तासन्‌तास बोलतो. यकृताचं नाव क्वचितच निघतं. पण तिसाव्या किलोमीटरनंतर पायांबरोबर डोकंही जड होतं, घाम गार पडतो, पुढचा पाण्याचा स्टॉल किती लांब हा साधा हिशेबही जमत नाही, हे ज्यांनी सोसलंय त्यांनी यकृताकडे बघायलाच हवं, असं मी आग्रहाने म्हणतो. प्रौढ माणसाच्या रक्तात एका वेळी जेमतेम 4 ते 5 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चमचाभर. धावणारे स्नायू ते काही मिनिटांत संपवू शकतात. तरी तासाभराने मोजली तर साखर जवळपास तेवढीच भरते. कारण धावायला लागताच इन्शुलिन उतरतं, ग्लुकागॉन चढतं आणि यकृत आपलं ग्लायकोजेन फोडून रक्तात ग्लुकोज सोडतं, एरवीच्या कित्येक पट वेगाने. जोडीला स्नायूंकडून आलेल्या लॅक्टेटपासून नवं ग्लुकोजही घडवतं.

यावर कोणी म्हणेल, स्नायूंत तर यकृताच्या चौपट ग्लायकोजेन असतं. खरंय, पण ते रक्तात सोडायला लागणारं एन्झाइम स्नायूंकडे नाही. तो साठा ज्याचा त्यानेच वापरायचा. चरबी मुबलक आहे म्हणावं, तर मेंदूला तिच्यातली मेदाम्लं थेट जाळता येत नाहीत. नवं ग्लुकोज घडतं, पण लांबच्या शर्यतीत ते खर्चाला पुरत नाही. 1924 साली बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा पार गळून गेलेल्यांची साखर खूप खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावताना गोड खायला दिल्यावर हा त्रास टळला.

म्हणूनच लांबच्या धावेला उपाशीपोटी निघण्यात मला काही मर्दुमकी दिसत नाही. यकृतात जेमतेम शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन मावतं आणि त्यातलं बरंचसं रात्रभर मेंदू पोसण्यात खर्ची पडतं. सरावाने शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं, यकृतावरचा भार हलका होतो, हा आक्षेप मला मान्य आहे. सकाळचा अर्धा-पाऊण तास संथ धावायला रिकामं पोट चालतंही. पण सराव खर्च कमी करतो, रात्री रिता झालेला साठा भरून देत नाही. तो भरतो अन्नाने. तेव्हा मोठ्या धावेआधी दोन केळी खाणं आणि वाटेत थोडं थोडं गोड घेत राहणं हा तयारीचाच भाग आहे. त्यात कमीपणा मानू नये.