काळ्या रंगाखालचा अक्रोड

जुनी एअर रायफल हातात आली तेव्हा तिच्या दस्त्यावर कुणीतरी काळा ऑइलपेंट फासला होता. खिडकीच्या गजांना देतात तोच, ओघळांसकट. स्क्रू काढून नळी बाजूला केली, तर खाचेत, जिथं ब्रश पोचला नव्हता तिथं, तपकिरी अक्रोड दिसला. मग राहवेना.

रिमूव्हरनं रंग फुगून सुटला. उरलासुरला फुटक्या काचेच्या धारेनं खरवडला. ही सुतारांची जुनी रीत. काच लाकडाची पातळ साल काढते, पॉलिश पेपरसारखा रंग नसांत कोंबत नाही.

खाली पोचेच पोचे. ओली चिंधी ठेवून वर कडक इस्त्री टेकवली की चर्रकन वाफ निघते आणि दबलेले तंतू पाणी पिऊन वर येतात. तीन-चार वेळा केलं की बोटाला खळगा लागत नाही. तंतू तुटले असतील तर मात्र इस्त्री हरते. मुठीजवळची एक चीर मी तशीच ठेवली. तिच्यासाठी आजूबाजूचं चांगलं लाकूड घासून खाली आणायचं, हे काही मला पटत नाही.

चूक वेगळीच झाली. मागची बटप्लेट काढून घासत बसलो. लाकडाची कड गोल झाली. प्लेट परत बसवली तर ती केसभर वर! प्लेट जागेवर ठेवून, तिला टेप लावूनच घासायचं असतं. आजही तिथं नख अडकतं.

120, 240, 400 नंबरचा पेपर झाल्यावर जवसाचं तेल. पहिला हात आषाढात दिला, तोही सढळ. आठवडाभर चिकटच. वर पडलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं उलटी उमटली. ते पुसून दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात केली: चारच थेंब, तळवा गरम होईपर्यंत चोळायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा हात.

स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून आमच्या कोल्हापुरात पोरं ॲल्युमिनियमचे दस्ते मागतात. रास्तच आहे, धातू पावसात फुगत नाही.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळा आपोआप पेटू शकतो. म्हणून मी त्या दोरीवर पसरून वाळत घालतो. बायको म्हणते, "एवढ्या जवसात वर्षाची चटणी झाली असती."