टेक्सासचा बर्फ आणि विजेची मालकी

फेब्रुवारी २०२१ मध्ये मी अमेरिकेत, टेक्सासच्या ऑस्टिन शहरात होतो. बर्फाची सवय नसलेल्या त्या शहरात सुमारे सहा इंच बर्फ पडला. वीज गेली, नळ कोरडे पडले. आम्ही बर्फ वितळवून संडासात ओतत होतो. दूरवर रिकाम्या कार्यालयांचे मनोरे मात्र झगमगत होते. राज्यात ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली, सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे मेली.

याला निसर्गाचा कोप म्हणणे ही पळवाट आहे. केंद्राचे नियम नकोत म्हणून टेक्सासने आपले वीजजाळे वेगळे ठेवले; त्यामुळे शेजारच्या राज्यांतून पुरेशी वीज आणता येईना. २०११ च्या थंडीनंतर केंद्रीय अहवालाने यंत्रणा हिवाळ्यासाठी सज्ज करायला सांगितले होते. सक्ती कुणी केली नाही. कंपन्यांचा खर्च वाचला, माणसे गेली.

१९४२ ते १९४६ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचा कारभारही होता. पुढे १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली. मित्रांनो, वीज खासगी हातांत जाताना आपण गप्प बसलो, तर आपल्या वस्त्यांत अंधार व्हायला बर्फ पडण्याची गरज नाही.

जयभीम!