तापमान किती होते?

चंद्रयान-३ वरील ‘चास्टे’ उपकरणाने टिपलेल्या तापमानांचा पहिला आलेख इस्रोने २७ ऑगस्ट २०२३ रोजी प्रसिद्ध केला. पृष्ठभागाजवळ सुमारे ५० अंश सेल्सिअस, आणि अवघ्या ८ सेंटीमीटर खोलीवर उणे १० च्या आसपास. पुढे २०२५ मधील शोधनिबंधात पृष्ठभागाचे तापमान ३५५ केल्विन, म्हणजे सुमारे ८२ अंश, असे आले; साधारण मीटरभर अंतरावरील सपाट जागी मात्र ३३२ केल्विन. उपकरणाची सळई सूर्याकडे सुमारे ६ अंश कललेल्या उतारावर रुतली होती. परवा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग चंद्राचे खरे तापमान कोणते?” मला माझा जुना लॅपटॉप आठवला.

पीएच.डी.चे तिसरे वर्ष होते. स्पिनच्या जाळीवरील मॉन्टे कार्लो गणनेसाठी मी एक नवी पद्धत बसवली होती आणि ती जुनीपेक्षा १८ टक्के वेगवान ठरत होती. तीनदा मोजले, तीनदा तेच. परिषदेला सारांश पाठवला, आईला फोनही केला. मार्गदर्शकांनी कागद चाळून एवढेच विचारले, “तापमान किती होते?” मी जाळीचे तापमान सांगू लागले. ते म्हणाले, “ते नव्हे. यंत्राचे.”

उत्तर माझ्याजवळ नव्हते. लिनक्समध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी ‘कोअरटेम्प’ नावाचा ड्रायव्हर असतो. त्यात मी काही ओळींची भर घातली: दर सेकंदाला प्रत्येक कोअरचे तापमान, घड्याळाची गती आणि वेळ कर्नलच्या नोंदींत उतरवायची. पहिला आकडा आला ६७०००. एकक मिलिअंश आहे हे कळल्यावर सेन्सर फारच नाजूक असावा असे वाटले. पण शेवटची तीन शून्ये कधी हललीच नाहीत! सेन्सर मोजतो एकेक अंशाच्या पायऱ्यांनी; शून्ये ही ड्रायव्हरच्या शिष्टाचाराची देणगी.

त्याहून गमतीचे म्हणजे, तो सेन्सर तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढेच तो सांगतो. ड्रायव्हर तो आकडा मर्यादेतून वजा करतो; ती पुष्कळदा १०० अंश असते, आणि काही जुन्या प्रोसेसरांच्या बाबतीत तर ड्रायव्हरला ती अंदाजाने धरावी लागते. म्हणजे मी ज्याला मापन समजत होते, त्यात एक गृहीतक आधीच बसलेले होते. शिवाय निजलेल्या कोअरचे तापमान वाचायचे, तर त्याला आधी उठवावे लागते. नोंद सेकंदाऐवजी मिनिटाला एकदा घेऊ लागले, तेव्हा रिकाम्या लॅपटॉपचा आकडा दोन अंशांनी उतरला. ताप पाहायला गेलेल्या वैद्यानेच रोग्याला धावायला लावावे, तसे.

आणि मग ती नोंद, जिच्यासाठी हा खटाटोप. तिन्ही वेळा मी नवी पद्धत आधी, थंड यंत्रावर चालवली होती आणि जुनी तिच्या पाठोपाठ. जुनी सुरू होताना कोअर मर्यादेला टेकलेले असत, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी घड्याळ मंद करी. ३.१ गिगाहर्ट्झवरून २.४. क्रम उलटा केला, तर जुनी पद्धत जिंकली. दोन्हींपूर्वी यंत्र ४५ अंशांपर्यंत निवू दिले, तेव्हा फरक उरला ३ टक्के, तोही त्रुटीच्या मर्यादेत.

सारांश मागे घेण्याचे पत्र दोन ओळींचे होते. आईला सांगणे अधिक जड गेले. ती म्हणाली, “मग त्याला पंखा लाव ना.”

विद्यार्थिनीला मी हे सारे सांगितले, आणि म्हटले, दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांच्यासोबत उतार, जागा आणि वेळ तेवढी वाच. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण सळई आत घुसताना घर्षणाने माती तापत नसेल का?” सध्या ती तो शोधनिबंध घेऊन बसली आहे.