पगार शून्य, पण गाडी माझीच!

'वीकेंडला काय करतेस?' या प्रश्नाला मी जे उत्तर देते, ते ऐकून समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. कुणी ट्रेकला जातं, कुणी साल्सा शिकतं, कुणी नुसतंच झोपतं. मी महिन्यातले दोन शनिवार ट्रेनची गार्ड असते. खरीखुरी ट्रेन, खरं वाफेचं इंजिन, खरे प्रवासी. फक्त पगार नाही!

आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "अगं, पण फुकट?" बाबांनी तिच्या हातून फोन घेतला. "मी सगळ्यांना सांगतो, रेल्वेत लागली. पुढचं कोण विचारतंय!"

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बर्मिंगहॅमला आलो. माझी मास कॉमची डिग्री आणि फ्रीलान्सिंग सोबत आलं. फ्रीलान्सरचं कसं असतं, तुम्हाला सांगते. घरात बसून लेख लिहायचा, मेल करायचा आणि वाट बघायची. ऑफिसला जाणाऱ्यांना सुट्टीचे सुद्धा फोन येतात म्हणून ते वैतागतात. मी चार दिवस गायब झाले तरी कुणाचं काही अडत नाही. अशातच शहरापासून तासाभरावरच्या एका जुन्या रेल्वेवर लेख करायला गेले. तिथे बोर्ड होता, 'स्वयंसेवक हवेत'. तो लेख कधी छापून आलाच नाही. मी मात्र तिथे राहिले.

ब्रिटनमध्ये अशा शंभराहून जास्त हेरिटेज रेल्वे आहेत. त्यातल्या बहुतेक स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. सगळ्याची सुरुवात वेल्समधल्या टॅलिलिन नावाच्या चिमुकल्या रेल्वेपासून झाली. तिथल्या खाणीतला स्लेटचा दगड वाहून नेण्यासाठी ती बांधली होती. १९५० मध्ये तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले आणि गाडी बंद पडायची वेळ आली. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी बर्मिंगहॅममध्येच एक सभा भरवली आणि ठरवलं, आपणच चालवू. १४ मे १९५१ ला त्यांची पहिली गाडी निघाली. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली ही पहिली रेल्वे.

माझं आजोळ अंजनगावचं, त्यामुळे हे वाचताना शकुंतला आठवल्याशिवाय राहिली नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आमची नॅरोगेज. गार्डच तिकिटं द्यायचा, इतका घरगुती कारभार. ती बंद पडली, तिच्यासाठी मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. पण 'द्या इकडे, आम्ही चालवतो' असं म्हणायची सोय आपल्याकडे नाही. रेल्वे म्हणजे सरकार, विषय संपला.

टॅलिलिनचा एक किस्सा मला फार आवडतो. 'थॉमस द टँक इंजिन' माहीत आहे ना? भाचरांच्या टिफिनवर असतो तो निळा थॉमस. त्याचे जनक रेव्हरंड डब्ल्यू. ऑड्री १९५२ मध्ये इथे स्वयंसेवक गार्ड होते. एकदा त्यांनी हिरवा झेंडा दाखवला, गाडी सुटली आणि चहा-नाश्ता विकणाऱ्या बाई स्टेशनवरच राहिल्या! पुढे हाच प्रसंग त्यांनी १९५५ च्या 'फोर लिटल इंजिन्स'मध्ये वापरला. लेखक असावा तर असा, काही म्हणजे काही वाया घालवत नाही.

तर गार्डचं काम म्हणजे झेंडा दाखवायचा, शिट्टी मारायची, एवढंच ना? मलाही तसंच वाटायचं. लोकलच्या शेवटच्या डब्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस असतो, बाहेर डोकावून गाडीकडे बघत असतो. त्याच्याकडे तुम्ही कधी नीट बघितलंय? मी तरी नव्हतं बघितलं. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय रेल्वेने 'गार्ड' हे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा आम्ही त्यावर जोक फॉरवर्ड केले होते. आता वाटतं, नाव बरोबरच आहे. इंजिन ड्रायव्हरचं, पण गाडी गार्डची.

का, ते समजायला ट्रेनिंगला बसावं लागलं. आधी डोळे, रंग ओळखणं आणि कान यांची तपासणी. मग रूल बुक, मग जुन्या गार्डबरोबर कितीतरी फेऱ्या, शेवटी परीक्षा. ब्रेकचं गणित मला सगळ्यात भारी वाटलं. गाडीखालून एक पाइप जातो. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं, तेव्हा ब्रेक सुटलेले राहतात. हवा आत शिरली की ब्रेक लागतात. म्हणजे मधेच डबे तुटले, पाइप फाटला, तर गाडी आपोआप थांबणार. हे शहाणपण मात्र फुकट आलेलं नाही. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीची गाडी चढावर अडकली. इंजिनाला सगळी गाडी ओढवेना म्हणून मागचे डबे सोडवले. तिथले ब्रेक असे आपोआप लागणारे नव्हते. सोडवलेल्या डब्यांना आधार फक्त गार्डच्या हँडब्रेकचा आणि चाकांमागे लावलेल्या दगडांचा. डबे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण गेले, त्यात कितीतरी मुलं होती. त्याच वर्षी प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले. हे वाचल्यावर व्हॅनमधल्या हँडब्रेकचं चाक मी गंमत म्हणून कधी फिरवलेलं नाही.

ऑगस्टमधला एक शनिवार. शाळांना सुट्ट्या, गाडी फुल्ल, पाच डबे. आम्ही आठ मिनिटं लेट. सिग्नल पडलेला. इंजिन वाफ सोडतंय. ड्रायव्हर रिटायर्ड गृहस्थ, माझं वय आहे त्याहून जास्त वर्षं ते इंजिनावर आहेत. त्यांनी बाहेर डोकावून माझ्याकडे बघितलं. म्हणजे, चल आता.

झेंडा वर करायच्या आधी गाडीच्या कडेने एकदा नजर टाकायची असते. जुन्या डब्यांचे दरवाजे प्रवासी स्वतः ओढून लावतात. बाहेरचा हँडल आडवा असला तर दार पक्कं लागलं. जरा जरी तिरका दिसला तर ते अर्धवट अडकलंय, धक्का बसला की उघडू शकतं. चौथ्या डब्याचा एक हँडल तिरका वाटला. वाटला, म्हणजे खात्री नव्हती. उन्हामुळे तसं दिसत असेल? प्लॅटफॉर्म लांब, मागे दोनशे लोक घड्याळ बघतायत आणि पुढे चाळीस वर्षांचा अनुभव वाट बघतोय.

झेंडा खालीच ठेवून मी चालायला लागले. इंजिनाची शिट्टी वाजली, जरा चिडकीच. खिडकीतून एक आजोबा म्हणाले, "आज निघायचा विचार आहे ना?" त्यांच्या बायकोने त्यांना गप्प केलं. एवढ्या लोकांसमोर नुसतं चालणं इतकं कठीण असतं, हे मला माहीत नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, गाडीभर प्रवाशांत बाहेरून आलेली दिसणारी मी एकटीच होते, हेही चालताना जाणवत होतं.

दार अर्धवटच होतं. आतून पाच-सहा वर्षांचा एक मुलगा पाठ टेकून उभा, हातात आइस्क्रीम. मी त्याच्या आईला त्याला जवळ घ्यायला सांगितलं, दार उघडलं आणि जोरात ओढून लावलं. धाड! हँडल आडवा. बाळाला त्या आवाजाचीच मजा वाटली.

शेवटच्या स्टेशनवर ड्रायव्हर प्लॅटफॉर्मवरून सरळ माझ्या व्हॅनपाशी आले. "काय झालं होतं?"

"दार."

"कितवा डबा?"

"चौथा. मधलं."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढून हाताच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं. "ते कुलूप वर्कशॉपला बघायला सांगतो," म्हणाले आणि पाणी भरायला इंजिनाकडे गेले. बास, एवढंच. मला तेवढं पुरलं.

गार्डला प्रत्येक फेरीची नोंद करावी लागते. वेळ, डबे, उशीर आणि उशिराचं कारण. मी लिहिलं, 'दरवाजा तपासला, ३ मिनिटं', खाली सही. लेखाखाली नाव बघायची सवय असलेल्या मला उशिराखाली सही करताना इतकं बरं वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तोवर इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडलं जात होतं. म्हणजे आता शेवटचा लाल दिवा इकडून काढून तिकडे लावायचा. आपल्याकडे शेवटच्या डब्यावर 'एल.व्ही.'ची पाटी असते ना, तेच काम. तो दिवा दिसला तरच सिग्नलवाला समजतो की गाडी सगळीच्या सगळी आली, मागे काही राहिलेलं नाही. दिवा चांगलाच जड असतो. मी तो काढला आणि पाच डब्यांच्या कडेने, जाताजाता हँडल बघत, पलीकडच्या टोकाला निघाले.