वाटणीला माझा विरोध होता

मशीनमध्ये मर्यादा घालणं हा दळिद्री कारभार, असं मी दहाएक वर्षं ठणकावून सांगत आलो. मेमरी पुरत नाही? रॅमची पट्टी वाढवा. एखादा प्रोग्राम डोईजड झाला? नाइस लावा, सरकेल मागे. लिनक्समध्ये कामांचे गट करून प्रत्येक गटाचा वाटा ठरवणाऱ्या सीग्रुपचं नाव काढलं की म्हणायचो, ही गूगलवाल्यांची चैन. तिथल्याच पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी 2006 मध्ये हे काम काढलं, जानेवारी 2008 च्या 2.6.24 कर्नलमध्ये ते आलं. ज्यांच्याकडे हजारो मशिनं त्यांनी बघावं. बुऱ्हाणपुरात लूमवाल्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या माझ्या एकुलत्या सर्व्हरला काय त्याचं?

वर गावचा दाखला तयार असायचा. कुंडी भंडारा बघा, 1615 पासून एकाच भुयारातलं पाणी शंभरावर कुंड्यांत खेळतंय, कुठे वाटणी केलीय? (समोरचा बाहेरगावचा असला तर गप्पच व्हायचा.)

मग एका महिन्याची 19 तारीख आली. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं रिटर्न भरायचं आणि संध्याकाळी डेटाबेस मेला. त्याच सर्व्हरवर चुलतभाऊ स्टुडिओतले लग्नाचे व्हिडिओ बारीक करत होता. मीच परवानगी दिली होती, नाइस 10 लावून. लॉग उघडला. मेमरी संपल्यावर कर्नलने सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला मारलं होतं, म्हणजे माझ्या डेटाबेसला. व्हिडिओची नऊ कामं प्रत्येकी त्याच्याहून लहान, म्हणून सुटली. चोर सोडून संन्याशाला सुळी.

नाइसचा हिशेब त्या रात्री पहिल्यांदा मांडला. साध्या कामाचं वजन 1024, नाइस 10 चं 110. पण नऊ जणांचं मिळून 990! एका कोअरवर सगळी भिडली तर जवळजवळ निम्मा वाटा त्यांचाच. नाइस माणसं मोजतो, घर मोजत नाही. सीग्रुप घर मोजतो. आत नऊ असोत की नव्वद.

तरी अक्कल एकदम आली नाही. सीग्रुप लावले खरे, पण रागाच्या भरात व्हिडिओच्या गटाला मेमरी.मॅक्सने, म्हणजे मेमरीच्या कमाल हद्दीने, इतकं घट्ट बांधलं की त्याची कामं रोज मरायला लागली, आणि भाऊ आठवडाभर बोलला नाही. मग आधी मेमरी.हाय लावलं. ती रेघ ओलांडली की काम मरत नाही, रखडतं. मॅक्स बरंच वर ठेवलं.

मला खरं वाकवलं ते सीपीयू.वेटने, म्हणजे गटाच्या सीपीयूतल्या वजनाने. डेटाबेसला 400, व्हिडिओला नेहमीचे 100. हे आकडे ओढाताण होते तेव्हाच लागू पडतात. रात्री डेटाबेस निजला की व्हिडिओला पूर्ण मशीन मोकळं. मर्यादा म्हणजे नासाडी, हा माझा दहा वर्षांचा मुद्दा तिथेच संपला. चारचौघांत सगळ्यांना हेच ऐकवलं होतं, तेव्हा कबूलही चारचौघांतच केलं.

कुंडी भंडाऱ्याचा दाखलाही आता देत नाही. तिथे दोरी-बादलीने पाणी काढत. एकाने मोटर टाकली असती तर काय झालं असतं, हे मी कधी विचारात घेतलंच नव्हतं.

अजून एक उरलंय. मेमरी.हायमुळे व्हिडिओच्या कामांची मेमरीतली पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जातात, डिस्क खरडत राहते आणि हिशेबाचा स्क्रीन अडखळतो. भाऊ म्हणतो, "दादा, माझ्यामुळे नाही हं." त्याच्यामुळेच आहे, पण या वेळी आकडा लिहिण्याआधी त्याला शेजारी बसवणार आहे.