त्र्याऐंशी दिवसांचा दंड

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वॉचमनने मेंटेनन्सचं बिल दाराच्या कडीला अडकवलं. सर्व्हिस चार्जेस, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी हे नेहमीचे रकाने होते. त्यांच्याखाली एक नवी ओळ होती: 'उपविधीभंग दंड, 10 जून ते 31 ऑगस्ट, 83 दिवस, रु. 8,300'. डोंबिवलीतल्या या इमारतीत मी 1994 पासून राहते. बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली आणि सोसायटीचं एकही बिल कधी थकवलं नाही. ती ओळ मी तीनदा वाचली.

कारण होतं खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या. तुळस, गवती चहा, कढीपत्ता आणि दोन सदाफुल्या. जूनच्या सुरुवातीला कमिटीने फलकावर कागद लावला होता: ग्रिलमधल्या कुंड्या, पॅसेजमधले चपलांचे स्टँड, दुसऱ्याच्या जागेत लावलेल्या गाड्या, या सगळ्यांना रोज शंभर रुपये दंड. तो मी वाचला होता. आपल्याला कुणी प्रत्यक्ष काही सांगेल, मग बघू, असं मनाशी म्हणून मी कुंड्या तशाच ठेवल्या. कुणी काही सांगायला आलं नाही. थेट बिल आलं आणि पंधरा दिवसांत जिन्याखालच्या फलकावर थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव लागलं. येता-जाता दूधवाला, क्लासची मुलं, लिफ्टचा मेकॅनिक, सगळे ती यादी बघत होते. पैशांपेक्षा तेच जास्त लागलं.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात गेले. सचिव माझ्या मुलाच्या वयाचे. मी विचारलं, "त्र्याऐंशी दिवस कुणी मोजले?" त्यांनी मोबाइलवर वॉचमनने काढलेले दोन फोटो दाखवले, एक जूनमधला आणि एक ऑगस्टमधला. मधले दिवस धरून चालले होते. मी म्हटलं, "मधे पंधरा दिवस मी बहिणीकडे चिपळूणला होते. आणि पावसाळ्यात इथल्या कुठल्या खिडकीतून पाणी गळत नाही?" ते म्हणाले, "काकू, नियम सगळ्यांना सारखा. कमिटीत ठराव झालाय." त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, थकवा होता. रोज रात्री नऊला लोकलमधून उतरणारा हा माणूस एक पैसा न घेता टँकरपासून लिफ्टपर्यंत सगळं बघतो. तोंडी सांगून लोक ऐकत नाहीत, म्हणून दंड लावला, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं.

घरी येऊन कपाटातली उपविधींची पुस्तिका काढली. आमच्या सोसायटीने 2014 चे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत. इतकी वर्षं ती पुस्तिका शेअर सर्टिफिकेटसोबत एका पाकिटात पडून होती. त्या रात्री मी ती पहिल्यांदा ओळ न ओळ वाचली. दंड लावण्याचा अधिकार सोसायटीला आहे, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पण तो ठरवायचा सर्वसाधारण सभेने. मग त्या सभासदाला कारणे दाखवा नोटीस द्यायची, त्याला समोर बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि त्यानंतर दंड. तोही एका आर्थिक वर्षात सगळा मिळून पाच हजारांच्या वर जाता कामा नये. माझ्या बाबतीत सभा नाही, नोटीस नाही, सुनावणी नाही, आणि रक्कम आठ हजार तीनशे.

दुसऱ्या दिवसापासून मी यादीतल्या प्रत्येक घराची बेल वाजवली. अकरा घरं निघाली. एकांचा मुलगा बंगळूरला असतो, घर भाड्याने दिलेलं. त्यांच्या बिलात दंडाबरोबर बिनभोगवटा शुल्कही सर्व्हिस चार्जेसच्या पंचवीस टक्क्यांनी लावलं होतं. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशानुसार ते दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. दुसऱ्या एका घरात थकबाकीवर व्याज, त्या व्याजावर पुन्हा व्याज असा हिशेब होता. आमच्या उपविधींत व्याज सरळ आहे आणि त्याची कमाल मर्यादा 21 टक्के. एका काकांनी तर निम्मे पैसे भरूनही टाकले होते. "कशाला वैर घ्यायचं?" असं ते म्हणाले.

आम्ही भांडण करायचं नाही, लिहून विचारायचं, असं ठरवलं. दोन प्रती काढल्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घेतली. तीनच प्रश्न होते: दंडाचा दर ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्या, आम्हाला दिलेल्या नोटिशीची प्रत द्या, सुनावणीची तारीख कळवा. एक गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगितली. मेंटेनन्स थांबवायचा नाही. दंड वजा करून बाकीच्या रकमेचा चेक द्यायचा आणि सोबत पत्र जोडायचं की दंडाबद्दल वाद आहे, म्हणून तेवढीच रक्कम राखून ठेवली आहे. मेंटेनन्सच थकवला, तर सोसायटी 154 ब-29 कलमाखाली निबंधकाकडून वसुली दाखला मागू शकते, आणि मग आपली बाजू खरी असूनही आपणच बुडवे ठरतो. उत्तर आलं नाही, तर उपनिबंधकांकडे आणि गरज पडली तर सहकार न्यायालयात जाण्याची तयारी होती.

ती वेळ आली नाही. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरीच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये भरली. अध्यक्षांनी सुरुवातीला विषय टाळला. मी उठून पुस्तिकेतला तो परिच्छेद मोठ्याने वाचला आणि म्हटलं, "दंड रद्द करा, एवढंच मी मागत नाही. माझी चूक असेल तर ती मला माझ्यासमोर सांगा. आधी ऐकून घ्या, मग दंड लावा." बराच गलका झाला. शेवटी ठरलं की जुना दंड मागे घ्यायचा, ज्यांनी भरला त्यांचा पुढच्या बिलात वळता करायचा, दराला सभेची मान्यता घ्यायची आणि प्रत्येक तक्रारीची सुनावणी करायची.

माझी सुनावणी ऑक्टोबरमध्ये झाली. तक्रारदार म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांना बघून मी चमकले. वीस वर्षं आम्ही एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातो. त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू होतं, म्हणून मी कुरडया खिडकीत वाळत घातल्या. तुमच्या कुंड्यांचं मातीचं पाणी त्यांच्यावर पडलं. दोन किलो गव्हाचा चीक वाया गेला. मी वॉचमनला सांगितलं, 'वर जरा सांग.' दंड करा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले. माझेही. चूक माझी होती, आणि ती एप्रिलमधली होती. दंड मात्र जूनपासून, पावसाच्या पाण्याचा लागला होता. त्र्याऐंशी दिवस शंभर-शंभर रुपये मोजले गेले, पण मला वहिनींच्या कुरडया कळल्या नाहीत आणि वहिनींना मला दंड झाल्याचं कळलं नाही. सचिव मान खाली घालून सगळं लिहून घेत होते.

मी कुंड्या ग्रिलमधून आत घेतल्या आणि प्रत्येकीखाली खोल थाळी ठेवली. दिवाळीनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचा चपलांचा स्टँड पुन्हा पॅसेजमध्ये आला. त्यांना नोटीस गेली, सुनावणी झाली. आग लागली तर याच वाटेने सगळ्यांना उतरायचं आहे, हे त्यांना समजावून सांगितलं. तरीही महिनाभर स्टँड हलला नाही, तेव्हा पाचशे रुपये दंड झाला. त्यांनी एक शब्द न बोलता चेक दिला.

पुढच्या एप्रिलमध्ये एका सकाळी खालून हाक आली, "अहो, आठ दिवस कुरडया घालतेय बरं का!" मी "हो" म्हटलं आणि पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. ते आठ दिवस कुंड्यांना पाणी संध्याकाळी, वहिनींनी कुरडया आत घेतल्यावर घातलं.